फ्रिजमधली भुकटी

आई,

टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये, आपल्या फ्रिजात, लोण्याच्या पातेल्यामागे तुझी बाटली असे. तुझ्या कॉलेजात वीज जायची, कारखान्याच्या वसाहतीत जात नसे, म्हणून पीएच.डी.चं रसायन घरी. शेजारच्या भाभींनी एकदा विचारलं, "दीदी, ये पाउडर खाने का है या लगाने का?" तू म्हणालीस, "सिर्फ घोलने का." दोघी हसत सुटलात. मला तू भाजी निवडताना समजावलं होतंस. सुटं अमिनो आम्ल पाण्यात पडलं की त्याच्या दोन्ही टोकांवर विद्युतभार असतो. प्रथिनाच्या साखळीत तो नसतो. म्हणून दोन्ही टोकं झाकलेलं त्याचं रूप घ्यायचं, पाण्यात विरघळवायचं आणि किती उष्णता आत गेली की बाहेर आली, ते मोजायचं. प्रथिनाचा तो तुकडा पाण्याशी कसा वागतो, ते त्यावरून कळतं.

ती शेवटची बाटली परदेशातून यायला वर्ष गेलं होतं. तुझे गाइड निवृत्त व्हायला आले होते. ती वाया गेली तर प्रबंध राहणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि बाबांनी ती भर पावसाळ्यात, फ्रिजमधून काढल्या काढल्या उघडली. पाहुण्यांना कौतुकाने दाखवायला. गार भुकटीने हवेतला ओलावा धरला. तू आलीस तेव्हा गुठळ्या झाल्या होत्या.

"शेवटी पाण्यातच टाकायची ना?" बाबा म्हणाले.

"हो. पण भुकटीत आधीच किती पाणी शिरलंय, ते मला माहीत हवं."

एवढं बोलून तू चहा टाकलास. पुढच्या रविवारी बाबांना प्रयोगशाळेत घेऊन गेलीस, मीही मागे. हवा काढलेल्या भांड्यात भुकटी वाळवायची, तोलायची, पुन्हा वाळवायची, वजन उतरायचं थांबेपर्यंत. अजस्र यंत्रं बसवणारे बाबा त्या नाजूक तराजूसमोर अवघडून बसले. "अहो, श्वास तिकडे सोडा." त्यांनी लगेच मान वळवली. असे कितीतरी रविवार गेले. वजन एकदाचं थांबलं तेव्हा बाबा धावत जाऊन जिलबी घेऊन आले, आणि तू त्यांना ती बाहेरच्या पायरीवर बसून खायला लावलीस.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, वाळवण्याचं प्रकरण एवढं लांबलचक का? आम्ही मागच्या बाकावर होतो. बाबा चपलांकडे बघत होते. तू म्हणालीस, "बारिश का मौसम था, सर."

तुम्ही दोघं गेल्यावर मी पुष्कळदा या उत्तरापाशी येऊन थांबते. मला ते जमलं नसतं. मी असते तर बाबांचं सांगून टाकलं असतं. हे पत्र कुठे जायचं नाही, तरी इथे सांगितलंच.