शांतादेवीच्या कपाळावरचे कुंकू

मी रुद्रप्पा मन्मथप्पा शेटे, वय ७१, धंदा भिंतींवर चित्रे व नक्षी काढणे, राहणार सिरसाळा, तालुका परळी वैजनाथ, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. कोणाचा दाब नाही. दाबाखाली मी आयुष्यात एकच काम केले, ते खाली येईलच.

१. मला दोन अपत्ये, मुलगा वीरभद्र व मुलगी शिवगंगा. ब्रश, रंग आणि खल शिवगंगेला द्यावेत. लहानपणापासून रंग तीच खलायची. वीरभद्राचे डोके वासाने दुखायचे. परांचीचे बांबू व दोर आश्रुबा गवंड्याला द्यावेत. बँकेत असेल ते शिवगंगेचे.

२. मी मेल्यावर चौकात फ्लेक्स लावू नये. या फ्लेक्सने माझा धंदा बुडवला. लावलाच तर आश्रुबाने तो काढून म्हशीच्या गोठ्यावर टाकावा.

३. आता भिंतीचे. एक सहकारी सूतगिरणी आहे. तिचे नाव लिहून मी हा कागद बाटवणार नाही. तिच्या सभागृहात १९८५ साली मी बहात्तरच्या दुष्काळाचे चित्र काढले, पंचवीस फूट लांब. मधोमध खडी फोडणारी बाई आहे, ती माझी बायको शांतादेवी. बहात्तर साली तिने पाझर तलावाच्या कामावर खरोखर खडी फोडली. शेजारच्या तुळजाबाई तेव्हा तिच्याच टोळीत होत्या. चित्रासाठी चार दुपारी ती हातोडा धरून माझ्यासमोर बसली. तिचा फोटो आम्ही कधी काढला नाही. घरात चित्रकार असताना फोटो कशाला, असे मीच म्हणायचो. तेव्हा तिचा चेहरा जगात त्या एकाच भिंतीवर आहे.

४. १९८७ च्या निवडणुकीत चेअरमन सुंदरराव यांनी भरसभेत त्या बाईकडे बोट करून सांगितले की ही माझी आई, हिने खडी फोडून मला वाढवले. त्यांच्या आईने हातोडा कधी उचलला नव्हता. कामावरचा मुकादम त्यांच्या घरचा होता. मागून कोणीतरी विचारले, तुमचे वडील तर एकोणसाठ सालीच वारले, मग आईच्या कपाळाला कुंकू कसे? सभा हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदररावांची जीप माझ्या दारात उभी राहिली.

“एवढा टिपका तर पुसायचा हाय, रुद्रप्पा,” ते म्हणाले. “तुमचं पोरगं सोमवारपासून कारकुनीला येऊ द्या.”

मी गेलो. कातडीचा रंग मिसळला आणि कुंकू झाकले. पाच मिनिटेही लागली नाहीत. घरी येऊन सांगितले तेव्हा शांतादेवी भाकरी थापत होती.

“तुमी जित्ते हाव अजून,” ती म्हणाली. “मग माझं कुंकू कावून पुसून आलाव?”

सुंदररावांचा मला संताप आहे, पण ते पुढारी, खोटे बोलणे हाच त्यांचा धंदा. खरा राग ब्रश धरणाऱ्या या हाताचा आहे. शांतादेवी त्या सभागृहात पुन्हा कधी गेली नाही, आणि त्या दिवसापासून रुपयाएवढे कुंकू लावू लागली.

५. २००९ साली ती गेली. सवाष्ण गेली, नशीबवान म्हणून बायांनी हिरवा चुडा भरला. भिंतीवर मात्र ती आजही विधवाच आहे. दरवर्षी सुंदररावांच्या आईच्या पुण्यतिथीला हार माझ्या बायकोला घालतात. मी दोनदा रंगाची डबी घेऊन गेलो. सभागृहाची किल्ली वीरभद्राकडे असते. दोन्ही वेळा तो दारात आडवा उभा राहिला आणि म्हणाला की आप्पा, माझी नोकरी जाईल. कोणाच्या कपाळाच्या मोलाने नोकरी लागली हे त्याला ठाऊक आहे. तरी म्हणाला.

६. घर. रस्त्याकडच्या दोन खोल्या वीरभद्राला, मागच्या दोन शिवगंगेला. पण वीरभद्राच्या खोल्यांना अट आहे. माझी माती झाल्यापासून तीस दिवसांत त्याने सभागृह उघडावे आणि बहिणीला भिंतीपाशी जाऊ द्यावे. न उघडल्यास चारही खोल्या शिवगंगेच्या. आईचा चेहरा नको असेल तर बापाच्या भिंतीही त्याला नकोत.

कृती अशी: जुने कुंकू मी खरवडले नव्हते, नुसते झाकले होते. भुवयांच्या वर बोट फिरवले की उंचवटा लागतो. नेमके तिथेच भरावे. कुंकवाच्या लाल रंगासाठी हिंगूळ कपाटाच्या वरच्या खणात आहे. त्याच सकाळी जवसाच्या तेलात खलावा. वाळायला चार दिवस लागतील. तोवर किल्ली शिवगंगेकडे राहील.

७. शिवगंगेचा नवरा २००४ साली वारला. विधवेने सवाष्णीला कुंकू लावू नये असे भाऊबंद म्हणतील, वीरभद्र सगळ्यांच्या आधी म्हणेल आणि आपल्या बायकोला पुढे करेल. सुनेने लावू नये. शिवगंगेनेच लावावे, घरात रंगाचा हात तिलाच आहे. तरी कोणी शुभ-अशुभ काढलेच तर हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे: शांतादेवीचे कुंकू पुसले गेले तेव्हा तिचा नवरा जिवंत होता, धडधाकट होता, आणि पुसणारा तोच होता.

वरील मजकूर मीच लिहिला, दोनदा वाचला. यातला एक शब्दही झाकू नये.

ठिकाण: सिरसाळा
दिनांक: १८ एप्रिल २०१६

सही: रुद्रप्पा मन्मथप्पा शेटे

साक्षीदार:
१. आश्रुबा सटवा गायके, गवंडी (सही)
२. तुळजाबाई सुग्रीव मुंडे, बहात्तर साली शांतादेवीच्या टोळीत खडी फोडणारी (डाव्या हाताचा अंगठा)