साहेबांची दोन माणसांची मोटर

बऱ्हाणपूर, डिसेंबर १९४९

सौ. सिंधूस, चिंतामणचे आशीर्वाद.

माझी तब्येत ठीक आहे. खाणावळीतली भाजी तिखट असते, एवढंच.

मिलच्या नव्या इंजिनिअरसाहेबांनी विलीन झालेल्या एका संस्थानातली लाल रेसची मोटर घेतली आहे. तिच्यात दोनच माणसं बसतात. रोज तीच घेऊन कामावर येतात आणि केळ्यांच्या बैलगाड्यांमागे अडकतात. मी सायकलवरून पुढे निघतो, तेव्हा बरं वाटतं.

काल म्हणाले, "चिंतामणराव, बसा." मी नको म्हणालो. आज शेजारी त्यांची बायको होती, वाऱ्यात पदर सावरत हसत होती. दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही.

आईचा खोकला कसा आहे? थांबला असेल तर तू इकडे ये. खोली पाहिली आहे. सायकलवर माझ्यामागे बसायला लाजणार नाहीस ना?

तुझी वाट पाहणारा,
चिंतामण