घंगाळाची कल्हई

शुक्रवार, १३ डिसेंबर २०२४. सायं. ७:१०
बॅग भरली. भिंग, चुंबक, मोजपट्टी, नोंदवही. उद्या सकाळी यवतमाळहून दारव्हा, पुढे पांढरकवडा. दोन दिवस जुन्या वस्तूंचा शोध. लोक वीकेंडला चिखलदऱ्याला जातात. मी इतिहासात जातो.

या विषयात मला कोणी शिकवले नाही. सगळे स्वतः. म्हणूनच पक्के.

शुभदा सोबत येते म्हणाली. आठ वर्षांत प्रथमच. अखेर माझ्या माळ्यावरच्या सतरा नगांनी तिची दृष्टी तयार केली. फक्त पांढरकवड्याऐवजी दिग्रसला जाऊ म्हणाली. नवशिक्याचा हट्ट. पुरवला.

मग पुन्हा तिच्या आईच्या घंगाळाचा विषय. कल्हईला दिले आहे, असे सांगितले. म्हणाली, अहो, दीड वर्ष कल्हई चालते का? आणि आंघोळीच्या घंगाळाला कल्हई करतं कोण? नवीन पद्धत आहे, म्हणालो.

(फक्त माझ्यासाठी: ती भावाकडे अमरावतीला गेली होती तेव्हा ते एका फेरीवाल्याला देऊन ब्रिटिशकालीन कंदील घेतला. घंगाळ मामुली होते. ऐतिहासिक मूल्य शून्य. नीट तपासूनच दिले.)

शनिवार, १४ डिसेंबर. दु. १२:४०. दारव्हा
पितळी तराजू घेतला. संस्थानी. शुभदाने चुंबक लावून पाहिले. चिकटले. त्या काळी पितळेत थोडे लोखंड घालत असावेत. संशोधन करणे.

दु. ४:२०. दिग्रस
लॉजवर बॅगा टाकल्या. शुभदा कोणाला न विचारता जिनिंग कारखान्याच्या मागच्या गल्लीत शिरली, थेट डोंगरसिंगच्या जुन्या भांड्यांच्या दुकानात. याला म्हणतात नजर. सहवासाने येते.

सायं. ५:३५
सापडले. आयुष्यातला सर्वोत्तम नग. पितळी घंगाळ, दोन कड्या, तोंड एक फूट नऊ इंच. काठाखाली टिपक्यांची ओळ, हिरव्या थराने बुजलेली. मोडी लिपी. बुडाला पोचा, म्हणजे हाताची ठोकणी. साल १८५०, त्याअलीकडे नाहीच.

डोंगरसिंग आधी किलोवर न्या म्हणत होता. त्याचे अज्ञान पाहवेना. पाऊण तास सगळे समजावून सांगितले.  मग त्याने घंगाळ उचलून स्वतःच्या गादीमागे ठेवले.

शुभदाने त्याच्याकडे चिंच मागितली. चिंचेने पावणेदोनशे वर्षांचा थर जातो, हे तिला तीन वेळा सांगितले. तिने घासायला घेतले.

सायं. ६:१५
मोडी नव्हे. 'सौ. विजयमाला, ३-५-७९, आईकडून.'

विजयमाला म्हणजे माझ्या सासूबाई. पोचा शुभदाने सातवीत असताना विहिरीच्या कठड्यावरून घंगाळ पाडले तेव्हाचा.

डोंगरसिंग म्हणाला, आमचा बादल यवतमाळहून घेऊन आलता. कोण्या साहेबानं कंदिलाच्या बदल्यात देल्लं म्हणे, भंगार हाय म्हणून.

  शुभदा मला बाजूला घेऊन एवढेच म्हणाली, तुमच्या कंदिलाच्या बुडाला या दुकानाची चिठ्ठी आहे. तुम्ही भिंगातून पाहता, मी झाडताना पाहिली.

आता भाव. किलोची आठवण करून दिली. डोंगरसिंग म्हणाला, काहून मजाक करता साहेब. तुमीच सांगून राह्यले पावणेदोनशे वर्षाचं हाय. मंग किलोनं कायले देऊ?

शेवटी सौदा शुभदाने केला. घंगाळाच्या बदल्यात माझे सगळे नग. मला विचारले नाही. मी इतिहासाच्या बाजूने एक वाक्य बोललो. ते तिने पूर्ण होऊ दिले नाही.

सोमवार, १६ डिसेंबर. सकाळी ९:०५
बादल मोटरसायकलवर पोती घेऊन आला. तोच फेरीवाला. मला ओळखून नमस्कार केला. तराजू धरून अठरा नग नेले. कंदील पोत्यात टाकताना म्हणाला, काकाजी, याले तर आमीच काळा रंग मारलता. नवाच हाय. मुलाला अनुभव कमी.

घंगाळ मोरीत. हात लावायचा नाही, अशी सूचना. माझ्यासाठी प्लास्टिकची बादली.

सकाळी १०:३०
शेजारचे नानाजी चहाला आले. माळ्याकडे पाहतच राहिले. विचारले, काहून जी, सारा माळा खाली दिसून राह्यला? वस्तू कुठं गेल्या?

शुभदा चहा गाळायची थांबली.

कल्हईला दिल्या, म्हणालो.