कांद्याचा डोस

३ जून
आमच्या मालकांना, विजयसिंह सरांना सांगून टाकलं. आपल्या सर्किट बोर्डवर बाजारात मिळणारा साधा तापमान सेन्सर चालेल, खास अवकाशासाठी बनवलेला परदेशी नको. साधा सेन्सरही अवकाशातलं रेडिएशन सोसतो एवढं दाखवायचं. पुण्याच्या कंपनीचा उपग्रह आहे. २७ तारखेपर्यंत रिपोर्ट गेला तरच त्यात आपल्या बोर्डला जागा. कागलच्या आमच्या शेडमधून आजवर फक्त पंपाचे पार्ट बाहेर गेलेत. भरपूर वेळ आहे.

५ जून
शिरोळकडच्या एका रेडिएशन प्लांटवर गेले. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून तिथे शंभर ग्रे (रेडिएशन ग्रेमध्ये मोजतात) देतात, मसाल्याला दहा हजार. आपल्याला शंभर हवेत. नेमका कांद्याचा डोस. सुपरवायझर हंबीरराव जेवूनच जा म्हणत होते. नको म्हटलं. चहाही नको म्हटलं. मग म्हणाले, निदान पाणी तरी प्या की मॅडम. माझी बाटली होती. कामात अंतर ठेवलेलं बरं.

९ जून
वीस सेन्सर पाठवले. तुलनेसाठी दोन इथेच ठेवले. चार पानी सूचना मेल केल्या. आमचा टेक्निशियन वृषभ म्हणाला, एक फोन टाक, तिथं मेल कोण बघतंय. लेखी असलं की गैरसमजाला जागा राहत नाही.

१२ जून, ११.४०
प्लांटवरून फोन. उचलला नाही. मेलमध्ये सगळं आहे.
११.५२ पुन्हा.
१२.१० पुन्हा. पान तीन, मुद्दा सात वाचावा, असा मेल केला.

१६ जून
डबा परत आला. वीसपैकी शून्य चालू. बहुधा मीटरची वायर.

१७ जून
वायर बदलली. मीटर बदलला. टेबल बदललं. शून्य.

१८ जून
डब्यातला डोसचा कागद आज वाचला. दहा हजार ग्रे.
फोन केला. हंबीरराव खुशीत होते. म्हणाले, आभाळात जाणारा माल, त्याला कांद्याएवढंच द्यायचं, बरं दिसतंय व्हय? मसाल्याचं दिलं. आमच्याकडनं भेट समजा. इचारायला तीनदा फोन केलता, तुम्ही उचलला न्हाईसा. त्या दिवशी च्याबी घेतला न्हाईसा, म्हटलं पावणं रागावलं असतील.
मी थँक्यू म्हटलं.

१९ जून
बाजारातला साठा संपलाय, नवे सेन्सर यायला चौदा आठवडे. हातात आठ दिवस. उरलेल्या दोनांवर चाचणी चालेल का, हे पुण्याला विचारलं. किमान दहा लागतात म्हणाले. मार्ग निघेल. रिपोर्टसाठी एक वाक्य तयार केलं: ‘सेन्सर दहा हजार ग्रेला टिकत नाही हे निश्चित झालं.’ वृषभ म्हणाला, एवढ्यात आख्खं कागल टिकायचं न्हाय. तरी वाक्य खरं आहे. ठेवलं.

२७ जून
पुण्याचा निर्णय आला. बोर्ड जात नाही. उपग्रहाचा तोल बिघडू नये म्हणून त्या जागी तेवढ्याच वजनाचा ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवणार आहेत. ठोकळा आपणच करून द्यायचा. सर ठोकळ्याचं ड्रॉइंग माझ्या टेबलावर ठेवून गेले.
संध्याकाळी ठोकळा तयार झाला. दोनशे बारा ग्रॅम, मागितले तेवढेच. पुण्याला कळवलं. लगेच मंजूर झाला. रेडिएशनचं कोणी काही विचारलं नाही.