मेजरच्या घरचं कनेक्शन

३ मार्च २०२५, सोमवार
ग्रामपंचायत पाइप तपासणार. कुणाकडे शिशाचा जुना पाइप असेल तर शोधायचा. पाण्यात उतरलेलं शिसं लहान मुलांच्या मेंदूला बाधतं. तीन महिन्यांची नात शिवांजली कालच सूनबाईंबरोबर माहेराहून आली. जबाबदारी मीच घेतली. कुणी दिली नव्हती. पलटणीत नायक होतो, गाव मेजर म्हणतं. रोज पंधरा घरं, शिस्तीत.

४ मार्च, सकाळी ६
शिसं ओळखायची टेस्ट सोपी. चुंबक चिकटत नाही, किल्लीने खरवडलं की चांदीसारखं चमकतं, धातू मऊ. लोकांना एवढंही कळत नाही. तांब्याभर पाणी पिऊन निघालो. आमचं कनेक्शन मी स्वतः केलंय, वीस वर्षांपूर्वी. इस्लामपूरच्या भंगारातून निवडलेला पाइप. हाताने वाकवला, वळणाला जोडायला एकही एल्बो लागला नाही. असा माल आता मिळत नाही.

६ मार्च
चार घरं झाली. घरोघरी चहा, नाही म्हणता येत नाही. पाणी सोडणारा हरिबा सोबत असतो, तो चालतोच हळू. आमच्या दारात आल्यावर वही मिटून म्हणाला, आवं मेजर, तुमच्या घरात आमी काय बघायचं? बरोबर आहे. साहेबाची झडती घेत नाहीत.

८ मार्च
धक्का. बायको, दीपमाला, हंडा घेऊन शेजारच्या आक्काताईंच्या नळावर! गटारीवरून त्या घराशी नऊ वर्षं बोलचाल बंद आहे. म्हणाली, आपल्या नळाला धार न्हाई. जाऊन पाहिलं, धार होती. जेवलो नाही. (दोन वाजता थोडं खाल्लं.)

९ मार्च
सूनबाई संयोगितासुद्धा तिथेच! मुलगा तिकडे सरहद्दीवर आणि इकडे घरात फितुरी. आक्काताईंचा पाइप तीनदा खरवडला. प्लास्टिक निघालं.

११ मार्च
उरलेली घरं हरिबाने केली. वहीत लिहिलंय, शिशाचा पाइप : एक. नाव नाही. विचारलं तर म्हणाला, पंपाकडं जायचंय. उद्या ग्रामसभेत त्या माणसाला उभाच करतो.

१२ मार्च, संध्याकाळ
लेकराबाळांच्या पाण्याशी खेळणारा हा कोण, असं भर सभेत गरजलो. सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसले. शेवटी आक्काताई बोलल्या. मेजर, घरला जावा आन् चुंबक लावा. नऊ वर्षांनंतर पहिलं वाक्य.
घरी आलो. चुंबक चिकटलं नाही. किल्ली लावली. चमकलं.
दीपमालाने चार तारखेलाच फ्रिजवरचं चुंबक लावून बघितलं होतं. हरिबाला तिनेच सांगितलं. तेव्हापासून पोरीच्या दुधाला, भाताला, माझ्या चहालाही आक्काताईंचं पाणी. मला का सांगितलं नाही? म्हणाली, दोनदा सांगितलं. तुमी म्हणालासा, असला माल आता मिळत न्हाई.
साऱ्या गावाला माहीत. फार लागलं मनाला. सकाळचा तांब्या तेवढा मी स्वतः नळाला लावत होतो. म्हणजे गेले आठ दिवस घरात शिसं पिणारा मी एकटाच.

१३ मार्च, सकाळी ६
हरिबाने पाइप कापून नेला. मऊ होता, लगेच कापला.
तांब्या घेऊन आक्काताईंच्या नळावर गेलो. पुढे दीपमाला, तिच्यापुढे सूनबाई. आक्काताई म्हणाल्या, मेजर, नंबरानं या.
उभा राहिलो.