चिकटपट्टी नसलेलं भांडं

हाल्वर ग्रोव्ह, आयोवा

प्रिय व्हर्लिन,

तू घर सोडून गेल्यापासून तुझा पत्ता माझ्याकडे नाही, तरी लिहितेय.

आईला पुरून आलो, चर्चच्या तळघरात सगळे जेवले. मग लोकांनी ज्यांतून जेवण आणलं होतं ती भांडी घासून परत करत मी गावभर फिरले. आपल्याकडे प्रत्येक भांड्याखाली चिकटपट्टीवर नाव असतं. एका काचेच्या भांड्याखाली मात्र काहीच नव्हतं. मला चैन पडेना.

धान्याच्या कोठारावर मका उतरवायला आलेल्यांना ते दाखवलं. तिथला नॉर्ब म्हणाला, "लोर्ना, रिकामं काय दाखवतेस? भरून आण, लगेच ओळखतो!"

चर्चचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या आर्डिसबाई म्हणाल्या, "नाव न लावणारी बाई इथली नव्हेच. पण त्यातले बटाटे झकास होते. तळाशी आंबट काकडीचे तुकडे घालायचं कुणाला सुचलं गं?"

भाजलेल्या बटाट्यांत काकडी फक्त आई घालायची, तीही तुझ्यासाठी. एरवी तू बटाट्याला तोंड लावायचा नाहीस.

म्हणजे तू आला होतास! कुठे उभा होतास? मागच्या दाराने आलास? मला हाक मारायला काय झालं होतं?

आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. म्हणून दर रविवारी त्यात काहीतरी भाजून चर्चच्या त्याच टेबलावर ठेवते. खाली चिकटपट्टी लावलीय, तुझ्या नावाची. नॉर्ब येऊन विचारतो, "मालक आजही नाही आला ना? मग खाऊ का?"

लवकर ये रे. नॉर्ब फार सुटत चाललाय.

तुझी बहीण,
लोर्ना