गार्गीचं दुसरं बोट

गुरुवार, संध्याकाळ. रहिमतपूर

बाजारातून येताना मीच गार्गीला शिकवत होते. एक बोट म्हणजे शंभर. आजीनं पाचशे दिले, तीनशे खर्चले, उरले किती? पाच वर्षांच्या पोरीनं बरोबर दोन बोटं दाखवली. केवढं कौतुक वाटलं मला.

घरी सासूबाईंना नेहमीसारखे शंभरच परत दिले. उरलेले शंभर माझ्या शिवणाच्या डब्यात. नवरा सैन्यात, पगार सासूबाईंच्या हातात. मी दुसरं काय करू?

"आई, दोनशे उरलं व्हतं की," गार्गी म्हणाली.

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या.

"चुकलं तुझं," मी म्हटलं.

तिनं परत मोजलं. परत दोनच बोटं. मग माझ्या तोंडाकडे बघत तिनं हळूच एक मिटून घेतलं.